भिंतीला टेकलेलं चाक

मित्रांनो, चाक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गाडी येते. माझ्यावर आजवर कुठलीच गाडी बसलेली नाही. मी मोजणीचं चाक आहे, आणि आता बरंच जुनं झालं आहे. एक लांब दांडा, त्याला वर मूठ, खाली मी, आणि माझ्या कानाशी आकडे दाखवणारी एक डबी. माझा घेर बरोबर एक मीटर. मी एकदा पूर्ण फिरलो की डबी ‘टक्’ करते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. एवढंच माझं शिक्षण. पुढे ज्या लोकांत माझं आयुष्य गेलं त्यांच्या नावापुढे पदव्यांच्या रांगा होत्या, पण एक मीटर म्हणजे किती हे त्यांना मलाच विचारावं लागे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे जमिनीवर दहा मीटरची पितळी पट्टी ठोकलेली होती. प्रत्येक नव्या चाकाला तिच्यावरून चालवून पाहत. दहा टक् झाले की चाक पास. माझ्या शेजारचं चाक अकरा बोललं. त्याला तिथल्या तिथे भंगाराच्या पेटीत टाकलं. खोटं बोलणाऱ्याला या जगात थारा नाही, हे मला फार लहान वयात कळलं. शहरात आल्यावर ते मत बदलावं लागलं.

मला विकत घेतलं ते शहरांच्या आखणीवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने. मोठी गार खोली, ओळीने मांडलेले पडदे आणि पडद्यांवर शहर. बाहेर न पडता शहर पाहण्याची तिथे उत्तम सोय होती. त्या वर्षी संस्थेने एक मोठं काम घेतलं होतं. शहरात कुठेही आग लागली तर बंब तिथे किती मिनिटांत पोचेल?

हे कसं शोधतात ते सोप्या शब्दांत सांगतो. संगणकात शहराची एक प्रतिकृती तयार करतात, तिला ते मॉडेल म्हणतात. प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ. रेघेला लांबी द्यायची, रुंदी द्यायची, ती कुठल्या रेघेला मिळते ते सांगायचं. मग संगणक त्या रेघांवरून लाखो वेळा खोटे बंब पळवतो. सहा मिनिटांत पोचला तर ती जागा हिरवी, नाही पोचला तर लाल. लाल जागांची यादी पालिकेकडे जाणार आणि पालिका तिथे वाट मोकळी करून देणार, असं ठरलं होतं. हिरव्या जागांचं काही करायचं नव्हतं. त्या सुखी होत्या.

मोठे रस्ते आकाशातून काढलेल्या फोटोंत दिसत. पण अरुंद गल्ल्यांवर पत्रे असतात, ताडपत्र्या असतात, वाळत घातलेले कपडे असतात. आकाशाला त्यातलं काही कळत नाही. तिथे पायी जावं लागतं. म्हणून मी, आणि म्हणून माझी मोजणीताई.

मोजणीताई कंत्राटावर होती. संस्थेत तिला खुर्ची नव्हती, कारण ती बसणं अपेक्षितच नव्हतं. ती सकाळी मला कपाटातून काढायची, रबर फडक्याने पुसायची, आसात तेलाचा एक थेंब सोडायची आणि निघायची. पाच महिन्यांत आम्ही चौदाशे गल्ल्या मोजल्या. ती माझ्याशी बोलायची नाही, पण रस्त्यात खिळा दिसला की मला उचलून पलीकडे ठेवायची. चाकाला प्रेम म्हणजे आणखी काय हवं?

अशाच एका सकाळी आम्ही गाद्यांच्या गल्लीत शिरलो. खाली फोम कापायचे, उश्या भरायच्या, वर माळ्यावर राहायचं, अशी दोन्ही बाजूंना घरं. गल्लीच्या तोंडाशी फोमचे पांढरे ठोकळे माणसाच्या उंचीचे रचलेले.

“काय ताई, एकच चाक?” फोम कापणाऱ्याने सुरी न थांबवता विचारलं. “बाकीची तीन कुठे विकलीत?”

“पगारात जेवढी बसली तेवढी घेतली,” ताई म्हणाली.

लोक हसले. मग गादीवाल्या काकू बाहेर आल्या. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या त्याच. त्यांचा मुलगा गाद्या पोचवायला बाहेरगावी असे, आणि घर नि धंदा काकू आणि त्यांची सून दोघी चालवत. सून दारात शिवणयंत्रावर बसलेली होती. बोलणं सासूकडे आणि काम आपल्याकडे, अशी वाटणी त्यांच्यात दिसत होती.

“मोजा, मोजा,” काकू म्हणाल्या. “परवा डोकी मोजून गेले. त्याच्या आधी नळ मोजून गेले. आता एकदा आमची सहनशक्ती मोजा, म्हणजे तुम्हांला काही कामच उरणार नाही.”

“तिला हे चाक पुरायचं नाही, काकू.”

“अहो, हसण्यावारी नेऊ नका त्यांचं,” सून मान वर न करता म्हणाली. “त्या भिंतीपायी पालिकेत सात खेपा घातल्यात त्यांनी.”

भिंत गल्लीच्या शेवटी होती. मी तिच्यापर्यंत चालत गेलो आणि तिला टेकलो. एकशे सत्त्याऐंशी. भिंतीपलीकडे गोदामाचा रुंद रस्ता होता. पूर्वी भिंतीत एक दार होतं. गोदामवाल्यांनी ते विटांनी बुजवून टाकलं होतं. तेव्हापासून गल्लीला एकच तोंड उरलं, आणि त्या तोंडाशी यायला बंबाला बाजारातून अकरा मिनिटं लागत. पलीकडच्या रस्त्याने आला तर सहासुद्धा लागली नसती. काकूंचं मागणं एवढंच होतं की दार पुन्हा उघडून द्या. पालिकेने सांगितलं होतं, अभ्यास चालू आहे, लाल यादीत नाव आलं तर बघू.

“लिहिलीस का भिंत?” काकूंनी विचारलं.

“लिहिली.”

“काय लिहिलंस, वाच.”

ताईने कागद पुढे धरला आणि वाचलं, “शेवटी भिंत. पलीकडे जाता येत नाही. पूर्वी दार होतं.”

“शब्द देतेस ना, की हे वर जाईल?”

“शब्द कशाला काकू, कागदावरच आहे की.”

कागदावर पाच रकाने होते. गल्लीचा क्रमांक, लांबी, तोंडाची रुंदी, शेवटची रुंदी आणि शेरा. भिंत शेऱ्यात होती.

संस्थेत एक तज्ज्ञ होते. त्यांना सगळे तज्ज्ञच म्हणत, अगदी चहावालासुद्धा. माणूस साधा, कुणावर आवाज चढवणार नाही. आमचे चौदाशे कागद त्यांच्याकडे गेले आणि आकडे संगणकात उतरले. शेऱ्याचा रकाना उतरला नाही. त्यात आकडे नव्हते, माणसांनी लिहिलेली वाक्यं होती, आणि वाक्यांचं काय करायचं हे त्या मॉडेलला शिकवलेलं नव्हतं.

रेघा काढून झाल्यावर पडद्यावर जागोजागी पिवळे ठिपके दिसू लागले. ही सुटी टोकं. एखादी रेघ दुसरीच्या जवळ येते पण पोचत नाही, मध्ये हातभर जागा राहते. बहुतेक वेळा काढणाऱ्याचा हात हललेला असतो. म्हणून या लोकांची एक रीत आहे. दोन टोकांत दोन मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ती एकच समजायची आणि जोडून टाकायची. संगणकाला तसा हुकूम देता येतो. तज्ज्ञांनी दिला. चार हजार एकशे अठरा टोकं अकरा सेकंदांत जुळली. लग्नं जुळवण्यात हयात घालवलेल्या बायकांनीही हा वेग पाहिला नसेल. सगळे पिवळे ठिपके गेले आणि शहर एकदम स्वच्छ दिसू लागलं. खोलीत टाळ्या पडल्या. मी कोपऱ्यात उभा होतो. मलाही बरं वाटलं, कारण मलाही ठाऊक नव्हतं की त्यातलं एक टोक एकशे सत्त्याऐंशीवर होतं.

पंधरा दिवसांनी रंगीत नकाशा छापून आला. ताईने आपल्या गल्ल्या बोटाने शोधायला सुरुवात केली, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

“सर, ही गाद्यांची गल्ली हिरवी कशी?”

“चार-पाच मिनिटांत पोचतोय बंब. मागच्या रस्त्याने.”

“मागे भिंत आहे, सर.”

“तुम्ही नोंदवली होती?”

“शेऱ्यात लिहिली होती.”

“शेरा मॉडेलमध्ये येत नाही हो.”

“मग भिंत कुठे येते?”

तज्ज्ञांनी डोकं खाजवलं. प्रश्न त्यांना पटला असावा. “भिंतींसाठी नकाशात वेगळा थर करावा लागेल. तो पुढच्या टप्प्यात आहे.” मग त्यांनी आकाशातला फोटो मोठा करून पाहिला. गल्लीच्या टोकावर निळी ताडपत्री होती. “वरून तर सलग दिसतंय.”

“वरून दिसतंय, सर. मी खालून गेले होते.”

“ते खरंच आहे. पण एक टोक मी हाताने सोडवलं, तर बाकीच्यांचं काय? पद्धत सगळ्यांना सारखी लागते. आणि तपासणी झालीय ना. शंभर जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या, प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. अठ्ठ्याण्णव बरोबर निघाल्या.”

अठ्ठ्याण्णव टक्के अचूक. मित्रांनो, माझ्या जन्मगावी शंभरात दोन चुकणाऱ्या चाकाला भंगारात टाकत. इथे त्याचा सत्कार झाला.

ताई संचालकबाईंकडेही गेली. मला हातात घेऊनच गेली, जणू मी साक्षीदार. संचालकबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुझं म्हणणं महत्त्वाचं आहे,” त्या म्हणाल्या, “आपण ते घेऊ या.” आणि त्यांनी ते घेतलं. अहवालाच्या एकशे त्रेचाळिसाव्या पानावर, मर्यादा या मथळ्याखाली एक ओळ आली, ‘काही ठिकाणी प्रत्यक्ष परिस्थिती भिन्न असू शकते.’ भिंत तिथे होती. ज्याला माहीत होती त्याला ती दिसत होती.

मुखपृष्ठावर मात्र माझा फोटो होता. उन्हात, एका गल्लीच्या तोंडाशी, ऐटीत. खाली लिहिलं होतं, ‘जमिनीशी जोडलेलं संशोधन.’ पालिकेच्या सभागृहात तो अहवाल पडद्यावर दाखवला तेव्हा टाळ्या वाजल्या. माझ्या आयुष्यातला हाच एक मानाचा दिवस. तो मी तेव्हा उपभोगला, हे कबूल करतो.

ताईचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं. शेवटच्या दिवशी मला परत करायच्या आधी ती गाद्यांच्या गल्लीवरून गेली. वाट वाकडी करून गेली, म्हणजे सांगायचंच असणार. काकू दारातच होत्या.

“काय झालं ग आमचं?”

“नकाशात तुमची गल्ली हिरवी आली, काकू.”

“हिरवी म्हणजे चांगलंच की. नाही का?”

शिवणयंत्र थांबलं. सुनेने पहिल्यांदाच मान वर केली होती. ताईला नोकरी उरली नव्हती, थर उरला नव्हता, पुढचा टप्पाही उरला नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “चांगलं असतं.”

महिन्याभरात काकूंच्या अर्जाला उत्तर आलं. ‘सदर गल्लीस दोन्ही बाजूंनी मार्ग उपलब्ध असल्याचे शास्त्रीय अभ्यासात आढळले असल्याने दार उघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.’ फोम कापणाऱ्याने ते पत्र भिंतीसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं म्हणे, आणि म्हणाला, “ऐकलंस का ग भिंती? तू पडलीस. विटांना कळव आता.” गल्ली पोट धरून हसली. हे मला नंतर कळलं.

मी तोवर कपाटात होतो. संस्थेने हातात धरायचं नवं यंत्र घेतलं होतं. ते आकाशाशी बोलायचं. माझ्या अंगावर जुन्या फायली पडल्या, रबराला एका बाजूने चपटेपणा आला, आसातलं तेल सुकलं. दोन वर्षं मी एकदाही टक् केलं नाही. एकदा कुणीतरी माझ्या दांड्यावर छत्री अडकवली आणि विसरून गेलं.

मग एका दुपारी कपाट उघडलं आणि समोर मोजणीताई उभी होती. चौकशी समितीने तिला बोलावून घेतलं होतं. मूळ मोजणी जिने केली तिनेच, मूळ चाकानेच पुन्हा करावी, असा आदेश होता. तिने मला पुसलं. तेल घातलं नाही, विसरली. असं आधी कधी झालं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आता पांढरे ठोकळे नव्हते. भिंती काळ्या होत्या आणि पायाखाली काहीतरी वितळून पुन्हा घट्ट झालेलं होतं. त्यावरून मी अडखळत चाललो. समितीचे अध्यक्ष रुमाल नाकाशी धरून मागे येत होते. अग्निशमन दलाचा एक जवान हकिगत सांगत होता, आणि मला सगळं तिथे कळलं.

“तोंडाशी पेटलं, साहेब. दुपारचे सव्वादोन. तोंडाशी आग, म्हणजे माणसं दुसरीकडे धावणार. दुसरीकडे म्हणजे इथे.” त्याने भिंतीकडे हात केला. तिच्यात आता मोठं भगदाड होतं. “आमच्या पडद्यावर मागची वाट दाखवली. आम्ही गोदामाच्या रस्त्याने आलो. पाच मिनिटं चाळीस सेकंद. वळलो आणि समोर भिंत. आधी वाटलं, आपणच चुकलो. पडद्यावर तर रस्ता सरळ गेलेला.”

“मग?”

“पलीकडून हाका ऐकू येत होत्या. शिडी लावली, पण वर विजेच्या तारा आणि फोमचा धूर. घण काढले. चौदा मिनिटं लागली भगदाड पाडायला. शेवटची पाच मिनिटं पलीकडून आवाज नव्हता.”

नऊ माणसं. फोम कापणारा त्यांत होता. काकूंची सून त्यांत होती. काकू त्या दुपारी दोरा आणायला बाजारात गेल्या होत्या.

अध्यक्षांनी लेखनिकाला सांगितलं, “लिहा. मॉडेलनुसार अपेक्षित वेळ सहा मिनिटांच्या आत. प्रत्यक्ष वेळ पाच मिनिटे चाळीस सेकंद. अंदाज समाधानकारक.” लेखनिकाने लिहिलं. मग ते ताईकडे वळले. “गल्लीची लांबी?”

“एकशे सत्त्याऐंशी.”

“पूर्वीइतकीच. ठीक. भिंतीची जाडी?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. भिंत नऊ इंचांची होती. मी पूर्ण मीटर झाल्याशिवाय बोलत नाही. नऊ इंच म्हणजे माझ्या लेखी शून्य. दोन वर्षं कपाटात मी त्या संगणकाला मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि आता कळलं की ती भिंत मलाही मोजता आली नसती. मी फक्त तिला टेकू शकलो होतो. ती आहे हे माहीत होणं वेगळं आणि आकड्यात येणं वेगळं. ताईने पिशवीतून टेप काढली.

साहेब लोक जायला निघाले तेव्हा काकू पुढे आल्या. त्या भगदाडाशेजारी इतका वेळ उभ्या होत्या, आणि कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

“एक मोजून दे मला,” त्या ताईला म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा होता. “ती इथे सापडली. बंब तिथे उभा होता. मधलं किती ते सांग.”

“काकू, नका ना.”

“मोज म्हणते ना. सगळ्यांचं मोजलंस.”

ताईने मला जमिनीवर टेकवलं. मी भगदाडातून पलीकडे गेलो. त्या गल्लीच्या शेवटाच्या पुढे मी पहिल्यांदाच गेलो. टक्. टक्. टक्. मग थांबलो.

“तीन,” ताई म्हणाली.

काकूंनी मान हलवली, जसा दुकानदाराने सांगितलेला भाव पटल्यावर हलवतात, आणि त्या घराच्या उरलेल्या भागाकडे चालू लागल्या.

समितीने कुणालाही दोषी धरलं नाही. उपलब्ध माहितीच्या आधारे मॉडेल योग्य होतं, असा निष्कर्ष निघाला. संस्थेने सुधारित आवृत्ती हाती घेतली, आणि ती पूर्ण होईपर्यंत कुणी काही बोलू नये असं परिपत्रक काढलं. मला निकामी ठरवून भंगारात लिहिलं. ताईने मला मागून घेतलं. कुणी हरकत घेतली नाही. भंगाराला वारस निघाला तर कचेरीला आनंदच होतो.

ती मला घेऊन जिना उतरत होती तेव्हा तज्ज्ञ मागून आले. बरेच वाळले होते. शेऱ्याचे चौदाशेच्या चौदाशे कागद त्यांनी स्वतः बसून वाचले होते. संगणकाने जोडलेल्या टोकांपैकी किती ठिकाणी खरोखरच भिंत होती, त्याची यादी त्यांच्या हातात होती. हाताने लिहिलेली.

“त्रेसष्ट आहेत,” ते म्हणाले. “एक आता... म्हणजे बासष्ट.”

“सगळ्या हिरव्या?”

“सगळ्या.”

“तुम्ही पालिकेला कळवा ना, सर.”

“परिपत्रक आहे.” त्यांनी यादी तिच्या पिशवीत सरकवली आणि जिन्याच्या कठड्याकडे पाहत म्हणाले, “माझ्याकडून गहाळ झाली म्हणून सांगेन.”

तेव्हापासून ताई सुट्टीच्या दिवशी मला घेऊन निघते. एका गल्लीत शिरायचं, शेवटपर्यंत चालायचं, मला भिंतीला टेकवायचं आणि फोटो काढायचा. मग तिथल्या लोकांना खरं सांगायचं. हे तिला अजून नीट जमत नाही. दर वेळी घसा खाकरते. लोक पहिल्यांदा हसतात. मग कुणीतरी बाई विचारते, “हिरवी म्हणजे चांगलं ना?” आणि ताई म्हणते, “नाही.” अर्ज लिहून देते. आजवर अठ्ठावीस गल्ल्या झाल्या. चार ठिकाणी भिंत फोडली. एके ठिकाणी उत्तर आलं, ‘प्रस्तुत भिंत आमच्या नोंदीत आढळत नाही, अस्तित्वात असल्यास पुराव्यासह कळवावे.’ बाकीच्या ठिकाणी उत्तर आलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी आपली काळजी घ्या म्हणतात. मीही म्हणतो. माझं रबर झिजलं आहे. रबर झिजलं की घेर घटतो, आणि घेर घटला की चाक आकडा फुगवून सांगतं. हल्ली मी शंभर मीटरला एकशे दोन सांगतो. नवं रबर मिळालं तर बरं होईल. तुमच्या घरी असं एखादं साधन असेल तर त्याला पुसा, तेल घाला, आणि ते जे सांगतं त्यातलं शेवटचं वाक्यही वाचा.

यादीत अजून चौतीस गल्ल्या आहेत. महिन्यात आमच्या जेमतेम दोन होतात. ताईला दुसरी नोकरी आहे, घर आहे, आणि माझा आसही आता कुरकुरतो. तुम्ही त्या चौतीसपैकी एखाद्या गल्लीत राहत असाल, तर नकाशावर तुमचं घर आज हिरवं आहे. आज संध्याकाळी उजेड असताना घरातून निघा, गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि तिथे काय आहे त्याला हात लावून पाहा.

आमची वाट पाहू नका.